डॉ. कोटणीस : जन्म सोलापूरचा, समाधी चीनची

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये ‘छोडो भारत’ आंदोलनातला शाळकरी क्रांतिकारक शिरीषकुमार आणि त्याचे साथीदार गोळीबारात हुतात्मा झाले. बरोबर तीन महिन्यांनी एका मराठी शल्यचिकित्सकाने चीनच्या युद्धभूमीवर देह ठेवला.

जन्म : १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर.

शिक्षण : सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय, मुंबई.

प्रस्थान : जपानने चीनवर आक्रमण केल्यावर सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक निघाले. प्रमुख डॉ. अटल, सोबत डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

सेवा : १९३९ मध्ये चिनी कम्युनिस्टांचे केंद्र असलेले येनान गाठून डॉ. कोटणीस त्यांच्या आठव्या मार्ग सेनेत दाखल झाले. लढाईच्या धुमश्चक्रीत जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये कॅनेडियन शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले.

संसार : परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये विवाह, ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्रप्राप्ती.

मृत्यू : अपस्माराच्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी. वय अवघे ३२. माओ यांनी स्वहस्ते श्रद्धांजली लिहिली.

समाधी : आधी हबेई प्रांतातील तांग परगण्यात दफन. पुढे अवशेष शिजियाझुआंगच्या हुतात्मा उद्यानात हलवले. डॉ. बेथून यांची समाधीही तिथेच आहे.

स्मृती : व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ आणि सोलापुरातील स्मारक. प्रत्येक मराठी वैद्यकीय विद्यार्थ्याने हे स्मारक एकदा तरी पाहावे.