मोहरीएवढी पृथ्वी

पाचवीतील कोणत्याही मुलाला ग्रहांची नावे विचारावीत, तो ती घडाघडा म्हणून दाखवतो. क्रमातही सहसा चुकत नाही. परंतु सूर्य आपल्यापासून किती दूर आहे असे विचारले की तो पुस्तकातील चित्र आठवू लागतो, आणि त्या चित्रात पृथ्वी सूर्यापासून जेमतेम चार बोटांवर असते. हा चित्रकाराचा दोष नव्हे. चित्रात पृथ्वी एक सेंटिमीटरची काढली, तर सूर्य एक मीटरहून मोठा काढावा लागेल आणि तो ११७ मीटर दूर न्यावा लागेल. एवढे पान कोणता छापखाना छापणार? म्हणून सूर्यमाला शिकवायची तर वर्गाबाहेर पडावे लागते. शाळेत विज्ञान शिकवणारे आम्ही शिक्षक हे काम कसे करतो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे मांडत आहोत.

आम्ही प्रमाण घेतो ते असे : एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर. हे प्रमाण घेतल्याने बहुतेक हिशेब तोंडी होतो आणि साहित्य शाळेच्या स्वयंपाकघरात मिळते. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर, म्हणून रद्दी कागदाच्या लगद्याचा १४ सेंटिमीटरचा गोळा करून तो पिवळा रंगवायचा. पृथ्वीला मोहरीचा दाणा पुरतो, शुक्रालाही मोहरीच. मंगळासाठी खसखशीचा बारीकसा दाणा आणि बुधासाठी वाळूचा कण निवडावा लागतो. गुरूला लहान गोटी लागते, शनीला रिठ्याची बी चालते. युरेनस व नेपच्यून यांना एकेक काळी मिरी. प्रत्येक वस्तू पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवून तो पुठ्ठा खुंटीला बांधतात. मोहरी चिकटवणाऱ्या मुलाचा चेहरा त्या वेळी पाहावा. आपले गाव, आपला देश, समुद्र, हिमालय, सारे त्या दाण्यावर आहे हे त्याला सांगावे लागत नाही.

मग सुतळी घेऊन अंतरे मोजायची. सूर्याच्या गोळ्यापासून बुध सहा मीटरांवर, शुक्र अकरा, पृथ्वी पंधरा, मंगळ तेवीस. इथपर्यंत मुलांना वाटते, काम संपत आले. आठांपैकी चार ग्रह तर लागले! पुढची खुंटी ७८ मीटरांवर ठोकायची आहे हे कळले की रांगेत कुजबुज सुरू होते. शनी १४३ मीटरांवर, म्हणजे पटांगणाच्या टोकाशी. युरेनससाठी फाटकाबाहेर रस्त्यावर जावे लागते, कारण तो २८७ मीटरांवर आहे. आणि नेपच्यून ४५० मीटरांवर. तेथे उभे राहून मागे पाहिले असता तो पिवळा गोळा दिसला तर एखाद्या बिंदूएवढा दिसतो. नेपच्यूनवर सूर्यप्रकाश आपल्यापेक्षा सुमारे नऊशे पटींनी कमी का पडतो, हे त्या जागी समजावण्यास फारसे शब्द लागत नाहीत. आमच्या मते या उपक्रमात शिकण्याजोगी खरी गोष्ट ग्रह नसून त्यांच्यामधील रिकामी जागा आहे, आणि ती पायांनीच शिकता येते.

याच सुतळीवर प्रकाशाचा वेगही दाखवता येतो. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. आपल्या प्रमाणात तीन सेंटिमीटर, म्हणजे जवळपास मुंगीची चाल. एका मुलाने घड्याळ पाहून दर दहा सेकंदांनी तीस सेंटिमीटर पुढे सरकायचे. मोहरीपर्यंत पोहोचण्यास त्याला आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. बाकीची मुले कंटाळतात. त्यांना कंटाळू द्यावे; विश्वात प्रकाशही ‘हळू’ चालतो हे त्या कंटाळ्यातूनच कळते. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा कोठे ठेवायचा, असे कुणी विचारतेच. उत्तर आहे सुमारे ४,००० किलोमीटर दूर. मुंबईहून सिंगापूर जवळपास तेवढे लांब आहे.

आपल्यापैकी ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांनी नऊ ग्रह पाठ केले होते. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रहांच्या गटात गेला. आता शाळेत आठच ग्रह शिकवले जातात. परंतु घरी मुलांच्या कानांवर ‘नवग्रह’ हा शब्द पडतच राहतो. म्हणून ते नऊ कोणते, याची यादी आम्ही फळ्यावर मांडतो. त्यांत सूर्य हा तारा, चंद्र हा उपग्रह, तर राहू व केतू या वस्तूच नव्हेत. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला जेथे छेदते ते दोन बिंदू. उरलेले पाचच खरे ग्रह. पृथ्वी त्या यादीत नाही, कारण यादी करणारा तिच्यावर उभा राहून पाहत होता.

मंगळाच्या खुंटीपाशी मात्र आम्ही मुद्दाम अधिक वेळ थांबतो. वरच्या वर्गातील एखादी मुलगी तेथे हमखास विचारते की पत्रिकेतला मंगळ तो हाच का. तिच्या घरी थोरल्या बहिणीचे स्थळ त्या एका शब्दावरून परत गेलेले असू शकते, म्हणून हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. तिलाच सुतळी देतो. मंगळ पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही मोहरी आणि खसखस यांच्यात साडेपाच मीटरांचे अंतर उरते, हे ती स्वतः मोजते. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी त्या खसखशीभोवती फिरू लागले, हेही तेथेच सांगतो. (ते निघाले तो वार मंगळवार होता.)

ग्रहणासाठी निराळी मांडणी लागते. अंधाऱ्या खोलीत एक दिवा, तो सूर्य. मुलाचे डोके ही पृथ्वी आणि हातात काडीला टोचलेला चेंडू हा चंद्र. हात लांब करून मूल डावीकडे सावकाश वळते, तशी चेंडूवर आधी कोर, मग अर्धा भाग, मग पूर्ण गोल उजळतो. पाठ दिव्याकडे झाली की डोक्याची सावली चेंडूवर पडते, हेच चंद्रग्रहण. मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? हात थोडा वर धरला की सावली हुकते. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. ग्रहणे सावल्यांमुळे होतात, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेवले होते.

निवासी शाळेचा खरा लाभ रात्रीचा आहे. दिवसाच्या शाळेला आकाश मिळते ते फक्त सूर्याचे. आमच्या मुलांना शुक्ल पक्षात रोज सायंकाळी सात वाजता एकाच जागेवरून चंद्र पाहून वहीत टिपता येतो. तो रोज पूर्वेकडे सरकतो आणि सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हे त्यांना पुस्तकाआधी कळते. पौर्णिमेच्या सायंवंदनेसाठी मुले जमतात त्या वेळी पश्चिमेला सूर्य मावळत असतो आणि पूर्वेला चंद्र उगवत असतो. दोन्ही हात पसरून उभे राहिले की पृथ्वी मधे आहे हे चित्राविना दिसते.

आता पालकांसाठी एक विनंती. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा सूर्य भरमाध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. दुसऱ्या खेपेला, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, बहुधा ढग असतात. पहिली खेप मे महिन्यात येते आणि तेव्हा वसतिगृह रिकामे असते. म्हणून सुटीला जाताना प्रत्येक मुलाच्या वहीत त्याच्या गावची तारीख आम्ही लिहून देतो. घड्याळात बारा वाजता सावली नाहीशी होणार नाही, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबईकडे खरे माध्यान्ह साडेबारा उलटल्यावर येते, नागपूरकडे त्याहून वीस-पंचवीस मिनिटे आधी. अंगण सपाट असावे आणि काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. बाराच्या ठोक्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवावा आणि त्या पाऊण-एक तासात मुलाला दुसरे काम सांगू नये.