चमचा तोच, बार वेगळा

तासगाव तालुक्यातल्या कवठे एकंदचा दसरा म्हणजे शोभेच्या दारूची रात्र. सिद्धराज महाराजांची पालखी निघते आणि गावकरी औट उडवतात. हा तालुका १९४९पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, मग दक्षिण साताऱ्यात गेला, आणि १९६०मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. दसऱ्याचे दारूकाम मात्र चालूच राहिले. दारूकाम कुठलेही असो, बघणाऱ्याला एक कोडे पडतेच. एकाच हाताने, एकाच मापाने भरलेले दोन नग. एक सरळ वर जातो, दुसरा अर्ध्यातच फुटतो. असे का?

उत्तर किराणा दुकानात सापडेल. वाटीभर बेसन चाळून घ्या आणि तीच वाटी ठोकून ठोकून भरा. वाटी तीच, पण काट्यावर वजन वेगळे. धान्याच्या बाजारात माप कसे भरले यावरून पूर्वी भांडणे होत, ती याचसाठी. माप जागा मोजते, काटा पदार्थ मोजतो. डबा हलला की भुकटी बसते, ओल धरली की गोळे होतात. सकाळी भरलेला चमचा आणि संध्याकाळी भरलेला चमचा म्हणूनच सारखे नसतात.

बेसनात थोडे इकडे-तिकडे झाले तर भजी बिघडतील. दारूचे गणित इतके सरळ नाही. बंद जागेत दारू पेटली की वायू तयार होतो, दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबाने उरलेली दारू आणखी वेगाने जळते. त्यामुळे दारू थोडी जास्त झाली की दाब त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. दाण्याच्या आकाराचेही तसेच. ओंडका सावकाश जळतो, ढलप्या भरकन पेटतात. वजन अगदी बरोबर असले तरी बारीक दळलेली भुकटी जाड दाण्यापेक्षा वेगळी वागते. त्यात दसरा येतो पावसाळ्याच्या शेवटी. कोळशाची पूड हवेतला ओलावा सहज धरते. ओलावलेली दारू नीट पेटत नाही, रेंगाळते.

हा फरक किती बारीक असू शकतो, ते रायफलीच्या गोळीवरून कळते. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. या लक्ष्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम १०.४ मिलिमीटर. गोळी साधारण ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते असे धरू. ५० मीटर जाईपर्यंत ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. वेग १ टक्क्याने कमी पडला की आणखी सव्वादोन-अडीच मिलिमीटर खाली. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, तिथे एवढ्याने पाव गुणाहून जास्त जातो, आणि तोही नेमबाजाचा हात जराही न हलता. म्हणून अव्वल नेमबाज काडतुसांचे निरनिराळे लॉट आपल्याच रायफलीतून झाडून बघतात आणि जो लॉट एकसारखा निघेल तो राखून ठेवतात. ही काडतुसे कारखान्यातच भरली जातात. तरीही लॉटालॉटात फरक पडतो!

मग उघड्या अंगणात, अंदाजाने भरलेल्या नगाचे काय सांगावे? पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव खरा, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण बोटांना ओल कळेल, दाब कळत नाही. कवठे एकंदने याची किंमत मोजली आहे. मे २०१५मध्ये तिथल्या फटाका कारखान्यात स्फोट होऊन माणसे दगावली. गंधक आणि क्लोरेट यांचे मिश्रण नुसत्या घासण्यानेही पेटू शकते. भारतात त्यावर १९९२पासून बंदी आहे. इथे वजन काटेकोर असूनही उपयोग नाही.

माझ्या मते लोकांना भीती वाटते ती जास्त भरलेल्या नगाची. कमी भरलेला किंवा ओलसर नग तितकाच वाईट. तो उडत नाही, धुमसत राहतो, आणि कुणीतरी वाकून बघायला जातो. हात आणि डोळे जातात ते अशाच वेळी. न उडालेल्या नगाजवळ जाऊ नये, पुन्हा पेटवू नये. बराच वेळ थांबून लांबूनच भरपूर पाणी ओतावे.

भाजलेच तर तो भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. अंगठी, बांगडी सूज यायच्या आत काढावी. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यातले काही लावू नये. हळदीच्या बाजारपेठेत हे सांगणे जिवावर येते, पण जखमेची खोली डॉक्टरांना त्यामुळे नीट दिसत नाही. डोळ्याला मार बसला तर चोळू नये, दाबू नये, आत रुतलेले काही उपसू नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्याला न टेकवता वर धरावा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे, रात्रीचे बारा वाजले असले तरी.