मनात असलं की जमतं, मग अभ्यासाला काय होतं?

धक्क्यावर गरी टाकून दोन-दोन तास बसणारा मुलगा घरी वही उघडली की पाच मिनिटांत उठतो. मकतबमध्ये सबक अर्ध्यावर असतानाच त्याची नजर खिडकीबाहेर जाते. मालवण असो वा देवगड, आपण लगेच म्हणतो, "मनात असलं की बरोबर जमतं!" वडील आखातात असतील तर सगळा दोष आईच्या माथी येतो.

पण काही मुलांना आवडीच्या कामात गुंतता येतं, नावडत्या कामावर मात्र लक्ष टिकवता येत नाही. वैद्यकात याला एडीएचडी म्हणतात. हा मेंदूच्या वाढीशी निगडित दोष असून पुष्कळदा घराण्यात चालत येतो. तो लाडामुळे होत नाही. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्येच अशा मुलांचं वर्णन केलं होतं. तेव्हा मोबाइल नव्हते.

सांगितलेलं काम अर्ध्यावर सोडणं, वस्तू सतत हरवणं, एका जागी न बसवणं, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणं, ही त्याची लक्षणं. एखाद्या लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. अशी अनेक लक्षणं सहा महिने टिकली आहेत का, बारा वर्षांच्या आत सुरू झाली का, घर, शाळा, मकतब यांपैकी निदान दोन ठिकाणी दिसतात का, हे पाहावं. मुली बहुधा दंगा करत नाहीत, नुसत्या हरवल्यासारख्या बसतात. म्हणून त्या नजरेतून सुटतात. कमी ऐकू येणं, कमी दिसणं किंवा अपुरी झोप यांमुळेही असंच घडू शकतं. तेही तपासून घ्यावं.

मोठ्यांमध्ये धावपळ कमी होते, पण किल्ल्या हरवणं, बिलांच्या तारखा चुकणं, कामं रेंगाळणं, चटकन भडकणं राहतं. मुलाची तपासणी करताना "मीही असाच होतो" हे वडिलांना उमगतं, ते असं.

आपल्याकडे आधी दम करून घेतात, तावीज बांधतात. दुआ जरूर करावी. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इलाज करण्याचीही शिकवण दिली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. त्या यादीत हा दोषही आहे. शाळेत आलेल्या पथकाला मोकळेपणाने सांगा, किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात विचारा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत सल्ला मिळतो. औषध डॉक्टरांनी दिलं तरच घ्यावं.

तोवर एका वेळी एकच काम सांगू या, अभ्यासाचे छोटे तुकडे करू या, आणि पूर्ण केलेल्या कामाला शाबासकी देऊ या. रोज "आळशी" ऐकणारं मूल एक दिवस ते खरं मानू लागतं. ही अमानत अल्लाहने आपल्या हाती दिली आहे. तिला नाव ठेवण्याआधी समजून घेऊ या.