चुकांमागचे व्याकरण

मुंबई-गोवा महामार्गावरच्या पेण-रोहा पट्ट्यात, रामवाडीसारख्या गावातल्या पाचवी-सहावीच्या मुलाला एसटीबद्दल विचारून पाहा. स्टँड, डेपो, ड्रायव्हर, कंडक्टर, तिकीट, पास, ब्रेक, टायर, पंक्चर असे शब्द तो न अडखळता सांगत जाईल. हे शब्द इंग्रजी आहेत, हे त्याच्या गावीही नसते. मात्र इंग्रजीच्या तासाला फळ्यासमोर उभे करून ‘बस येते आहे’ एवढेच इंग्रजीत सांग म्हटले, की हेच मूल गप्प होते. मोठ्या धीराने बोललेच तर म्हणते, ‘शी इज कमिंग.’ वर्गात हशा पिकतो आणि पुढचे कित्येक दिवस ते तोंड उघडत नाही.

या उत्तरात केवढे शहाणपण आहे ते पाहण्यासारखे आहे. मराठीत बस ‘ती’, ट्रक ‘तो’ आणि तिकीट ‘ते’. परभाषेतून आलेल्या प्रत्येक वस्तूलाही मराठीने लिंग दिले आहे, आणि शाळेत पाऊल टाकण्याआधीच मूल ते बिनचूक वापरते. ‘शी’ म्हणजे ‘ती’ हे त्याला शिकवलेले असते. आपल्या भाषेचा नियम त्याने नव्या भाषेत प्रामाणिकपणे लावला, एवढेच घडले.

अशा चुका गोळा करू लागलो, की त्यांतली शिस्त पाहून थक्क व्हायला होते. ‘माझे बाबा शिक्षक आहेत’ या वाक्यातला आदर मूल इंग्रजीतही सोडत नाही आणि ‘माय फादर आर टीचर’ म्हणते. वडिलांना एकवचन लावायला त्याची जीभ धजत नाही. ‘मला इंग्रजी येते’ याचे ‘इंग्लिश कम्स टू मी’ होते, कारण मराठीत भूक, ताप, भाषा, भाऊ हे सगळे ‘मला’ असतात. ‘राम आंबा खातो’ यातला ‘खातो’ शेवटी येतो, म्हणून ‘राम मँगो ईट्स’. आईने हाक मारल्यावर अजून अंगणातच रेंगाळणारा मुलगा ‘आलोच!’ म्हणून ओरडतो. यायचे आहे लगेच, पण क्रियापद भूतकाळी. इंग्रजीत तो ‘आय केम’ म्हणाला, तर त्याला काळ कळत नाही असे कसे म्हणावे?

काही ठिकाणी तर मराठीच अधिक बारकावा राखते. समोरच्याला सोबत घ्यायचे तर ‘आपण जाऊ’, त्याला वगळायचे तर ‘आम्ही जातो’. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वी’. तू, तुम्ही आणि आपण या तीन पायऱ्यांना मिळून एकच ‘यू’. सरांना ‘यू’ म्हणताना मूल कचरते ते या संस्कारामुळे, आणि शिक्षकाने हे आधी मोकळेपणी सांगितले तर तो संकोच कमी होतो.

परभाषा शिकण्याच्या शास्त्रानेही हा प्रवास केला आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली असे मांडले, की शिकणाऱ्याची मातृभाषा आणि नवी भाषा शेजारी ठेवून पाहिल्या तर तो कुठे अडेल याचा अंदाज बांधता येतो. १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी चुकांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. चूक म्हणजे शिकणाऱ्याच्या मनात भाषा कशी घडते आहे याचा पुरावा, असे त्यांचे म्हणणे. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी दोन भाषांच्या मधल्या या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि तिला स्वतःचे नियम असतात असे सांगितले. सगळ्याच चुका मातृभाषेतून येत नाहीत, हेही पुढे स्पष्ट झाले. ‘गो’चे ‘गोड’ हे भूतकाळी रूप इंग्रज मुलेही लहानपणी करतात. नियम कळल्याचीच ती खूण असते.

उच्चार आणि स्पेलिंग हा आणखी एक डोंगर. देवनागरीत अक्षर दिसले की उच्चार बहुतांशी ठरलेला. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४. ‘चेअर’, ‘केमिस्ट्री’ आणि ‘मशीन’ या तिन्ही शब्दांत ‘सी-एच’ हीच अक्षरे तीन वेगळे उच्चार धारण करतात. यामागे इतिहास आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ च्या सुमारास वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली. त्याच शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर मात्र झपाट्याने बदलत होते. ‘नाइफ’ या शब्दाच्या सुरुवातीचा ‘के’ एकेकाळी खरोखर उच्चारला जात असे. हे गोष्टीसारखे सांगितले, तर पाठांतराला कंटाळलेली मुले कान टवकारतात.

मराठी मुलाच्या काही जमेच्या बाजूही आहेत. इंग्रजी स्वरांसाठी आपण ॲ आणि ऑ ही चिन्हे रुळवली आहेत, त्यामुळे ‘बॅट’ आणि ‘बॉल’ नीट लिहिता येतात. ‘झाड’ म्हणणाऱ्या जिभेला ‘झेब्रा’ जड जात नाही. ‘वॉच’ला व आणि ‘व्होट’ला व्ह असा भेदही आपण लेखनात करतो, घोटाळा होतो तो ‘व्हाइट’सारख्या शब्दांत, कारण तिथे आपला व्ह स्पेलिंगच्या मागे गेला आहे. पुस्तकात इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने मराठी उच्चार लिहिण्याची सवय म्हणूनच दुधारी आहे. सुरुवातीला धीर देते, पण पुढे डोळा इंग्रजी अक्षरांकडे वळतच नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाले. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीत येई. विषय लवकर आला, बोलण्याची संधी मात्र त्या मानाने वाढली नाही. पस्तीस मिनिटांचा तास आणि चाळीस मुले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरही नाही. मग सगळा वर्ग एका सुरात म्हणतो आणि त्या सुरात न येणारी मुले सहज लपतात. उलट वाड्यावस्त्यांवरच्या छोट्या शाळांत मुले थोडी, पण एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता.

रायगडात एक गोष्ट विसरून चालणारच नाही. कातकरी मुलाची घरची बोली वेगळी. त्याच्यासाठी पुस्तकातली मराठी हीच आधी शिकायची भाषा असते आणि इंग्रजी त्यानंतरची. शिक्षक अवघड इंग्रजी शब्दाचा तितकाच अवघड मराठी अर्थ सांगतात, तेव्हा या मुलाच्या हाती काही लागत नाही. त्यात दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि शाळेचे महिनेच्या महिने बुडतात. आगरी घरातल्या मुलाचीही बोली वेगळी. या बोलींतले शे-दोनशे शब्द शिक्षकाला आले, तर त्याचा इंग्रजीचा तासही सुधारेल, असे मला ठामपणे वाटते.

उपायांपैकी एक आपल्याच देशात आजमावला गेला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कोडी, नकाशे, वेळापत्रके दिली. उत्तर शोधताना मुले इंग्रजी वाचत, ऐकत, वापरत, आणि लक्ष भाषेऐवजी प्रश्नावर असल्याने भीती कमी होई. हा प्रयोग बंगळूर प्रकल्प म्हणून जगभरच्या शिक्षकांना माहीत आहे. त्याला महागडे साहित्य लागत नाही. आपल्या एसटी स्थानकाचे वेळापत्रक इंग्रजीत उतरवून फळ्यावर लिहावे आणि मुलांना जोडीजोडीने विचारावे: अलिबागला दुपारी बारापूर्वी पोचायचे तर कोणती गाडी धरावी? जोड्या केल्या की एकाच वेळी निम्मा वर्ग बोलत असतो. सूचना मराठीत द्यायला हरकत नाही. मूल उत्तर इंग्रजीत शोधते आहे, हे महत्त्वाचे.

पेण-रोह्याकडच्या, आणि खरे तर राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना एक विनंती आहे. एक वही करा आणि मुलांच्या चुका नावे न घालता तीत उतरवा. शेजारी त्यामागचे मराठी, आगरी किंवा कातकरी वाक्य लिहा. वर्षअखेरीस केंद्रातल्या शाळांनी या वह्या एकमेकांना दाखवाव्यात आणि पुढच्या जूनमध्ये पहिला धडा त्यांतूनच घ्यावा.