निरंतर परिचर्या शिक्षण: जुन्नर-आंबेगावची गरज

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत पश्चिमेला सह्याद्रीतील आदिवासी वाड्या व भातखाचरे आहेत, तर पूर्वेला कुकडी आणि घोड नद्यांच्या पाण्यावर उभी राहिलेली ऊस, कांदा व टोमॅटोची बागायत आहे. त्यामुळे मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव येथील ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे, बिबट्याच्या हल्ल्याचे आणि आडगावाहून उशिरा निघालेल्या प्रसूतीचे रुग्ण येतात. रात्री-अपरात्री अशा रुग्णाला प्रथम हात लावते ती बहुधा परिचारिकाच. म्हणूनच पदविका हाती पडल्यावर तिचे शिक्षण थांबते की चालू राहते, हा या भागात थेट जीविताशी निगडित प्रश्न आहे.

जीएनएम ही पदविका किंवा बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी घेतलेल्या परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. या नोंदणीच्या नूतनीकरणाला भारतीय परिचर्या परिषदेने निरंतर परिचर्या शिक्षणाची, म्हणजे नोकरीत असताना घ्यावयाच्या पूरक शिक्षणाची, जोड दिली असून त्याचे प्रमाण पाच वर्षांत 150 तास, म्हणजे वर्षाला 30 तास, असे ठरवले आहे. कार्यशाळा, परिसंवाद व प्रात्यक्षिक वर्ग यांना हजर राहून हे तास जमवायचे असतात.

या तरतुदीमागचे कारण असे, की वैद्यकीय ज्ञान फार लवकर जुने होते. बाळ जन्मताच नाळ कापण्याची रीत एकेकाळी सर्वत्र शिकवली जात होती. आता निरोगी बाळाची नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी, म्हणजे त्याला वारेतून अधिक रक्त व लोह मिळते, असे सांगितले जाते. सर्पविषावरील प्रतिविष देण्यापूर्वी त्वचेत थोडी मात्रा टोचून पाहण्याची पद्धतही मागे पडली आहे, कारण तिच्यावरून पुढील प्रतिक्रियेचा भरवशाचा अंदाज येत नाही आणि मोलाचा वेळ जातो. वीस वर्षांपूर्वी शिकलेली परिचारिका कितीही अनुभवी असली, तरी हे बदल तिच्यापर्यंत आपोआप पोहोचत नाहीत.

सर्पदंशाच्या उपचारात तर परिचारिकेच्या कौशल्याची कसोटी पावलोपावली लागते. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते, आणि ती गेली की नाही हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नसते. रुग्णाचे सुमारे दोन मिलिलिटर ताजे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदाच कलती करून पाहायची, एवढीच ही चाचणी आहे. परंतु नळी साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची असली, तर निरोगी माणसाचेही रक्त पातळ राहू शकते आणि गरज नसताना प्रतिविष दिले जाण्याचा धोका संभवतो. मण्यारीचे प्रकरण निराळे आहे. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंशाची जागा फारशी दुखत नाही, आणि पहाटे पोटदुखी, जड झालेल्या पापण्या व अडखळणारी गिळण्याची क्रिया एवढीच चिन्हे दिसतात. ती ओळखून रुग्ण एका श्वासात किती अंक मोजू शकतो हे पुन्हा पुन्हा तपासत राहणे, तसेच प्रतिविष सुरू असताना अंगावर पित्त उठणे, उलटी किंवा रक्तदाब घसरणे यांवर नजर ठेवून ॲड्रेनॅलिन आधीच तयार ठेवणे, हे सारे परिचारिकेनेच करायचे असते.

या परिसराला सर्पदंशाच्या क्षेत्रात जमेच्या बाजूही आहेत. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारासाठी दीर्घकाळ काम केले आहे, आणि प्रतिविष तयार करणारा प्रीमियम सीरम्स हा उद्योगही नारायणगाव परिसरातच आहे. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर प्रतिविषाच्या कुपीइतकीच ती चालवणारी प्रशिक्षित व्यक्तीही प्रत्येक पाळीत हजर असावी लागेल.

अडचण येते ती येथेच. मंचरहून पुणे सुमारे 60 किलोमीटर, आणि जुन्नर त्याहून बरेच दूर. तेव्हा शहरातील एका दिवसाच्या कार्यशाळेसाठी परिचारिकेला रजा, प्रवासखर्च आणि घरची व्यवस्था अशी तिहेरी तडजोड करावी लागते, तर वॉर्डात तिची पाळी सहकारी परिचारिकांच्या अंगावर पडते. शिवाय तासांची नोंद सभागृहातील उपस्थितीवर होते. वीस मिनिटांची ती चाचणी हाताने जमते का, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही. पुणे-नाशिक महामार्गालगतच्या लहान खासगी नर्सिंग होममध्ये, जेथे मोजक्याच परिचारिका असतात, ही ओढाताण अधिकच तीव्र होते.

उपाय फार खर्चिक नाही. भाताची लावणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यात, मंचर व नारायणगाव येथे सर्पदंश, श्वानदंश व बिबट्याच्या जखमा आणि नवजात बाळाचे पुनरुज्जीवन यांचे प्रात्यक्षिक वर्ग परिसेविका आणि स्थानिक डॉक्टरांनी मिळून घ्यावेत, खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनाही त्यात प्रवेश द्यावा, त्या दिवसासाठी बदली परिचारिका नेमावी, आणि या वर्गांचे तास परिचर्या परिषदेने 150 तासांत पूर्णपणे मोजावेत.