सेवानिवृत्त विमानाचा शाळेस उपयोग

गोव्यात दाबोळी विमानतळानजीक, बोगमाळोच्या रस्त्यावर, नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. १९९८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात ‘सी हॅरियर’ हे विमान पाहावयास मिळते. या जातीची विमाने १९८३ साली भारतीय नौदलात आली आणि ११ मे २०१६ रोजी गोव्याच्या ‘हंसा’ तळावर त्यांस निरोप देण्यात आला. ब्रिटिश नौदलाने २००६ सालीच ती सेवेतून काढली होती. त्यामुळे सुटे भाग दुर्मिळ झाले होते.

सामान्य विमानास धावपट्टीवर वेग घ्यावा लागतो. त्यावाचून पंखांस उचल मिळत नाही. सी हॅरियर मात्र जागच्या जागी वर चढू शके व अधांतरी स्थिरही राही. याचे मर्म त्याच्या दोन्ही कुशींवरील चार फिरत्या झोतनळ्यांत आहे. पुढील दोन नळ्यांतून दाबलेली हवा व मागील दोहोंतून तप्त वायू बाहेर पडतो. नळ्या मागे वळविल्या की विमान पुढे जाते. खाली वळविल्या की वर उचलले जाते. पूर्ण भारासह सरळ चढणे इंजिनास झेपत नसे. म्हणून ‘विराट’ नौकेवरून ते थोडे धावून, वर उचललेल्या टोकावरून उडे, आणि इंधन खर्चून हलके झाल्यावर सरळ खाली उतरे.

नागपूरच्या मुलांस समुद्र दूर आहे. परंतु हे तत्त्व दूर नाही. सीताबर्डीच्या बाजारातील साधा रबरी फुगा फुगवावा, त्याचे तोंड खाली धरून सोडावा. हवा खाली जाते, फुगा वर जातो. क्रियेस तितकीच विरुद्ध प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा नियम मुले प्रत्यक्ष पाहतील. फुगा वेडावाकडा का भरकटतो, हेही त्यांस विचारावे. विमान असे भरकटू नये म्हणून त्याच्या नाकाशी, शेपटीशी व पंखांच्या टोकांशी हवेचे लहान झोत ठेवलेले असत.

तरीही तोल सांभाळणे वैमानिकाच्या कौशल्यावरच अवलंबून असे. भारताची अशी अनेक विमाने अपघातांत नष्ट झाली व काही वैमानिक प्राणांस मुकले. पाठ संपविण्यापूर्वी शिक्षकांनी ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. संग्रहालयातील विमानाकडे मग ती केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहणार नाहीत.