आठ आधी की साडेआठ?

सिन्नरच्या एखाद्या शाळेच्या पटांगणात काठी उभी रोवली, तर दुपारी तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होईल? वर्षभराची सरासरी काढली, तर १२ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि सिन्नर सुमारे ७४ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. म्हणून साडेआठ अंशांचा फरक ३४ मिनिटांचा होतो. सूर्य सर्वांचा एकच, पण घड्याळातला आकडा हा माणसांनी केलेला ठराव आहे.

भारतात हा ठराव १ जानेवारी १९०६ पासून अमलात आला. मुंबईत मात्र जुनी 'मुंबई वेळ' त्यानंतरही कित्येक वर्षे पाळली जाई. ती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, तर प्रमाणवेळ ५ तास ३० मिनिटे पुढे. समजा, त्या काळी एका गिरणीचा भोंगा मुंबई वेळेनुसार ८.०० वाजता झाला आणि एक आगगाडी प्रमाणवेळेनुसार ८.३० वाजता सुटली. आधी काय घडले? दोन्ही वेळा ग्रिनिचच्या वेळेत मांडू. भोंगा ३.०९ वाजता, गाडी ३.०० वाजता! भोंगा ऐकून घरून निघालेल्याची गाडी नऊ मिनिटांपूर्वीच सुटलेली असणार.

संगणकाची आज्ञावली अशीच फसू शकते. समजा, अर्जाची मुदत ३१ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत आहे. आज्ञावलीने ती यूटीसी या जागतिक वेळेत १८.३० अशी नोंदवली. सिन्नरच्या विद्यार्थिनीचा अर्ज रात्री २३.५० वाजता पोहोचला, पण ती वेळ तशीच, 'कुठली' हे न लिहिता साठवली गेली. आता संगणक २३.५० आणि १८.३० यांची तुलना करतो आणि दहा मिनिटे आधी आलेला अर्ज ५ तास २० मिनिटे उशिरा आला म्हणून नाकारतो.

यावर उपाय असा : प्रत्येक वेळेसोबत तिचा वेळविभाग नोंदवावा, दोन्ही वेळा यूटीसीमध्ये आणाव्यात आणि मगच तुलना करावी. विभाग नोंदवताना केवळ तासांचा फरक पुरत नाही, ठिकाणाचे नाव हवे. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असते, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात, घड्याळे एक तास पुढे होती. तेव्हाच्या नोंदींना आजचा साडेपाच तासांचा फरक लावला, तर उत्तर तासाभराने चुकेल.

वर्गात हे उदाहरण जरूर द्यावे : सिन्नरमधील १ जानेवारीची पहाटे ४ ची वेळ आधीची, की न्यूयॉर्कमधील ३१ डिसेंबरची सायंकाळी ६ ची? यूटीसीनुसार दोन्ही ३१ डिसेंबरच्याच वेळा आहेत, २२.३० आणि २३.००. तारीख पुढची असूनही सिन्नरची वेळ अर्धा तास आधीची ठरते.